चंद्रावर अनवाणी

दिवाळी उलटून कापसाच्या गाड्या गावात यायला लागल्या की अमरावतीच्या रस्त्यांवरची झाडं पांढरी दिसू लागतात. ठासून भरलेल्या गाडीतून कापूस थोडा थोडा उडतो आणि निंबाच्या खालच्या फांद्यांना, बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना लटकून राहतो. या दिवसांत मला कामं सुचतात. गाद्या उसवून पिंजायला देणं, रजयांच्या खोळी धुणं, स्वेटर उन्हात टाकणं, बाजारात तुरीच्या शेंगा आल्या की सोलून थोडे दाणे वाळवून ठेवणं. मी कामं लिहून काढते आणि झालं की खोडते. घरातले हसतात, पण घर त्यावरच चाललेलं असतं.

यंदा त्या कामांच्या मध्येच एक आठवण येऊन बसली आहे. ती खोडता येत नाही आणि पुढचं काम सुरू होऊ देत नाही. अशा वेळी ती सरळ लिहून टाकणं सोयीचं.

सुरुवात टीव्हीपासून झाली. टीव्ही घरात आल्यापासून रविवारची सकाळ माझ्या हातात राहिलेली नाही. माझी मुलगी मनू बारा वर्षांची आहे आणि अवकाशयानातून भटकणाऱ्या माणसांची एक परदेशी मालिका ती श्वास रोखून बघते. दर आठवड्याला नवा ग्रह असतो. सगळ्या ग्रहांवर दगड मात्र तेच असतात, हे माझ्या कधीच लक्षात आलं होतं, पण मी बोलले नव्हते. त्या रविवारी यानाचा कप्तान, आजवर कधीही न उघडलेला एक दरवाजा उघडतो आणि बाहेर पडतो तर काय, एक मोठी थोरली शेड. वर दिवे टांगलेले. तारे म्हणजे काळ्या कापडावर लावलेले बल्ब. यानाच्या भिंतीला मागून लाकडाचे टेकू, आणि एका खोक्यावर बसून कुणी तरी माणूस पाव खातोय. कप्तान आपल्याच यानाला मागच्या बाजूनं हात लावून बघतो. तिथं रंग नाही, नुसती फळी आणि तिच्यातून बाहेर आलेले खिळे.

मनू चिडली. सगळं खोटंच होतं तर इतके दिवस दाखवलं कशाला, म्हणाली. तिचं म्हणणं असं की, आता पुढच्या रविवारी ते परत यानात बसले तरी आपल्याला ती फळी आठवणार. मी वाटाणे सोलत होते आणि मला हसू आलं. त्यामुळे ती आणखी चिडली. मला तिला सांगायचं होतं की अशी फळी मी पाहिलेली आहे. नुसती पाहिलेली नाही, तिच्या मागच्या बाजूला मी स्वतः उभी होते. पण ते सांगायला जरा बसावं लागलं असतं आणि कुकर शिट्टी देत होता.

सत्तावन्न सालचा हिवाळा. रशियानं आकाशात उपग्रह सोडल्याची बातमी आली होती आणि आमच्या अकोल्यात जो तो संध्याकाळी वर बघून चालत होता. मोर्णेच्या पुलावर तर माणसं कठड्याला टेकून उभीच राहायची. खाली नदीवर धूर साचलेला, पलीकडे जुन्या शहरातल्या चुली पेटलेल्या, आणि ही माणसं एकमेकांना बोट दाखवून सांगत असायची की तो पाहा. उपग्रह सगळ्यांना दिसला. फक्त प्रत्येकाला वेगळ्या दिशेला दिसला. मीही तो दोनदा पाहिला होता. त्यातला एक बहुधा कुणाच्या तरी गच्चीवरचा कंदील असावा.

मी आणि विमल वानखडे मॅट्रिकच्या वर्गात एका बाकावर बसायचो. ती पुलापलीकडे, जुन्या शहरात राहायची. तिचे वडील कापसाच्या जिनात फिटर होते. वर्षभरापूर्वी तिच्या घरची सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. आल्यावर घरात काय बदललं, असं मी विचारलं तेव्हा विमलनं बराच विचार केला आणि म्हणाली की आता आमच्याकडे 'नशीब' म्हणायचं नाही. कुणी म्हटलं की बाबा म्हणतात, कारण सांग. दूध नासलं, कारण सांग. गणितात कमी मार्क, कारण सांग. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या घरी कुठल्याच गोष्टीचं कारण सांगायची रीत नव्हती.

आमचा दोघींचा बेत पक्का होता. मॅट्रिक झालं की सायन्सला अमरावतीला जायचं आणि मुलींच्या बोर्डिंगात एका खोलीत राहायचं. ट्रंक कुणाची, स्टोव्ह कुणी आणायचा, पुस्तकं कुठली वेगवेगळी घ्यायची आणि कुठली मिळून, हे मी सगळं ठरवून टाकलं होतं. माझ्या घरून होकार आला होता. विमलच्या बाबांचा यायचा होता. बोर्डिंगातली जागा उन्हाळ्याच्या आधीच सांगून ठेवावी लागे, म्हणजे गॅदरिंग होईपर्यंत त्यांनी काय ते सांगायला हवं होतं. आणि ते सांगत नव्हते. विमलनं विषय काढला की म्हणायचे, "पाहू." आणि उठून सायकलच्या चेनला तेल घालायला लागायचे. शिकू नको असंही म्हणत नव्हते. उलट, इथंच ट्रेनिंग करून मास्तरीण हो म्हणायचे. अमरावती का नको, याचं कारण मात्र, दुधाचंसुद्धा कारण मागणारा तो माणूस, देत नव्हता. विमल ते बोलून दाखवायची नाही. नुसती पेन्सिलीला टोक करत बसायची, टोक झालेलं असलं तरी.

त्या वर्षी आम्हाला विज्ञान शिकवायला केळकर बाई आल्या होत्या, पुण्याच्या. त्यांना आमचं बोलणं ऐकून प्रथम वाटलं की या मुली सतत भांडताहेत. पुढं त्यांना सवय झाली, पण पुरती कधीच नाही. गॅदरिंगसाठी त्यांनी स्वतः एक नाटुकलं लिहिलं. दोन मुली यानात बसून चंद्रावर जातात, तिथं उतरतात, क्षितिजावर पृथ्वी उगवते आणि तिला उद्देशून एक भाषण होतं. भाषण पानभर होतं आणि त्यात एकही वऱ्हाडी शब्द शिरू नये याबद्दल बाई फार जागरूक होत्या. चंद्रावर शुद्ध बोलायचं, असा नियमच होता. आमची शालिनी, वकिलांची मुलगी, आवाजाची खणखणीत, ती मुख्य प्रवासी झाली. सरावात तिच्या तोंडून 'मले' निघालं की बाई पहिल्यापासून सुरू करायला लावत. त्यामुळे आम्ही चंद्रावर जितक्या वेळा उतरलो तितक्या वेळा जगात कुणी उतरलं नसेल.

सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. सांगायला हरकत नाही, की चंद्रावर जायला काय काय लागतं ते मला आजही पाठ आहे. यानाला बांबूचे तट्टे, त्यांवर चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद. तो जमवायला आम्ही दिवाळीपासून गावातल्या निम्म्या घरांना जास्तीचा चहा प्यायला लावला होता. आकाशाला छत्र्यांचं जुनं काळं कापड शिवून केलेला मोठा पडदा, त्याला दाभणानं पाडलेली भोकं, आणि मागं गॅसबत्ती. ती पेटली की भोकांतून तारे दिसायचे. शिरस्त्राण कागदाच्या लगद्याचं. घागरीवर लगदा थापून, वाळवून, समोर खिडकी कापली. लगद्यात माझ्या आईनं सांगितल्याप्रमाणे मेथीची पूड घातली होती, टोपल्यांना घालतात तशी, कीड लागू नये म्हणून. शालिनी म्हणायची की चंद्रावर बाळंतिणीच्या लाडवांचा वास येऊन राहिला.

पृथ्वी विमलनं केली. दिवाळीतल्या आकाशकंदिलासारखा कामट्यांचा गोल सांगाडा, वरून निळा कागद, त्यावर हिरवे देश डकवलेले. भारत जरा मोठाच झाला होता. त्यात वऱ्हाडाच्या जागी तिनं लाल शाईचा एक ठिपका दिला होता, तो दोन हातांवरूनही दिसत नसे. आत लहान दिवा. आणि हा गोळा नुसता टांगायचा नव्हता, तो फिरायला हवा होता, सावकाश, न थांबता, पश्चिमेकडून पूर्वेकडे. यासाठी तिनं वडिलांकडून जिनातलं टाकाऊ बेअरिंग मागून आणलं होतं. कशाला, ते सांगितलं नव्हतं. त्यांनीही, नवल म्हणजे, विचारलं नव्हतं. पडद्यामागं टेबलावर उभं राहून, काठीला लावलेली पृथ्वी एका हातानं पडद्याच्या वर धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं फिरवत राहायचं, असं ते काम. बाईंनी तिला दुसऱ्या प्रवाशाचं काम देऊ केलं होतं. तिनं हे मागून घेतलं.

उरला चंद्र. सरावाला आम्ही जमिनीवर चादरी टाकायचो. पण चादर चादरीसारखीच दिसते. बाईंना भूमी हवी होती, उंचसखल, पांढरी, पाय टाकला की दबेल अशी. त्यांनीच सुचवलं की इथं कापूस इतका आहे तर कापूस का नको? आम्हा सगळ्यांना ते एकदम पटलं. शालिनीच्या काकांच्या शेतातला वेचणीचा कापूस, दोन मोठी गाठोडी, परत नीट मिळेल या बोलीवर आला. आला तोही गॅदरिंगच्या दिवशी दुपारी. मी तो स्वतः पसरला. मधे टेकड्या केल्या, दोन खड्डे केले. गॅसबत्तीच्या उजेडात तो असा दिसला की केळकर बाईंनी सरावाच्या चादरी स्वतः घडी करून ठेवून दिल्या.

आज विचार करते तेव्हा गंमत वाटते ती याची. पुण्याच्या बाईंना माहीत नसणं ठीक. पण आम्ही तर इथल्याच. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करतात, दहीभात ठेवतात, मग कापसाला हात लावतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. अंगणात कापसाची रास पडली की चपला लांब काढून तिच्याजवळ जायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंही आठवत नाही, इतकं ते अंगातलं. तरी एकीच्याही डोक्यात आलं नाही. कारण आम्हाला तो कापूस दिसतच नव्हता. आम्ही चंद्र बघत होतो.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. शाळेच्या मैदानात मांडव, पुढं सतरंज्यांवर बायका आणि म्हाताऱ्या, मागं बाकांवर पुरुष. विमलचे बाबा अगदी शेवटच्या बाकावर येऊन बसले होते. कोट घालून. विमल घरी इतकंच बोलली होती की मी नाटकात आहे. मी पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं. ते मान उंच करून रंगमंचावरच्या दोन्ही मुलींकडं आळीपाळीनं बघत होते. शिरस्त्राणांमुळे चेहरे दिसत नव्हते आणि आपली कोणती, हे त्यांना ठरवता येत नसावं.

यान उतरलं. पत्रा वाजवून केळकर बाईंनी गडगडाट केला. दार उघडून शालिनी शिडीवर आली. पायात तिच्या भावाचे बूट, लेस करकचून आवळलेल्या. एक पायरी, दुसरी पायरी. शेवटच्या पायरीवर तिनं पाय उचलला आणि तो तसाच राहिला.

मला वाटलं वाक्य विसरली. मी कुजबुजून सांगितलं, 'हे चंद्रभूमी'. परत सांगितलं. पाय हवेतच. मी वाकून पाहिलं तर ती खाली बघत होती, बुटाखालच्या कापसाकडं. मांडवातही चुळबूळ सुरू झाली होती, आणि ती हसण्याची नव्हती. पुढच्या सतरंजीवरची कुणाची तरी आजी, अगदी घरात बोलावं तसं, म्हणाली, "अवं माय, पायतन काढ न. कापसावर चालते का कोनी?"

शिरस्त्राणाच्या आतून घुमल्यासारखा आवाज आला. "काढूनच राहिली न आजी. लेस निघून नाई राहिली."

मग चंद्रावर पहिलं पाऊल टाकायला निघालेली ती प्रवासी शिडीवर खाली बसली. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही जोडीनं कडेला ठेवले. वाकून कापसाला हात लावला आणि तो कपाळाला न्यायला गेली, तर शिरस्त्राणावर टक्क आवाज झाला. मांडव हसला. पण ती उतरली, अनवाणी, कापूस दबला, आणि हसू आपोआप थांबलं. इतके दिवस आम्ही त्या चादरींवर धपाधप उतरत होतो. आता ती जशी चालली तसं नव्या, परक्या जमिनीवर चालतात. तोवर मांडवात कुणाचा चंद्रावर विश्वास नव्हता. पायतण काढल्यावर तो बसला. मनूला जे समजावून सांगायला मला जमलं नाही ते हेच. खोटेपणा उघडा पडला की सगळं संपतं, असं काही नसतं. कधी कधी माणसं तिथूनच मनापासून बघायला लागतात.

अर्थात त्या वेळी मला हे सुचलं नाही. कारण शालिनीनं ते बूट नेमके आकाशाच्या बांबूला टेकवून ठेवले होते. बांबू सरकला. काळा पडदा एका बाजूनं सुटला, मग दुसऱ्या बाजूनं, आणि सगळे तारे एकदम खाली आले.

मागं आम्ही होतो. हातात पत्रा धरलेल्या केळकर बाई. मी, खांद्याला पदरावर सामानाची यादी टाचणीनं अडकवलेली. गॅसबत्ती. जोडलेली दोन टेबलं, त्यांच्या पायाखाली विटा. आणि टेबलावर, सगळ्यांच्या वर, विमल, डोक्याच्याही वर पृथ्वी धरून उभी.

ती फिरवायची थांबली नाही. सगळा मांडव तिच्याकडं बघतोय आणि ती एका बोटानं, त्याच चालीनं, पश्चिमेकडून पूर्वेकडे. मी दबक्या आवाजात ओरडले, विमल, खाली उतर. तिनं ओठ न हलवता उत्तर दिलं, "थांबवली तं तिथं रात कशी होईन?"

शालिनी वळली. पानभर भाषण होतं, शुद्ध, तिला झोपेत येत होतं. तिनं पृथ्वीकडं पाहिलं, पृथ्वी धरणाऱ्या विमलकडं पाहिलं, आणि त्यातलं एक अक्षरही न बोलता म्हणाली, "पाहा न, किती लहान दिसून राहिली आपली पृथ्वी. अकोला कुठी असन वं?"

विमलनं वाट पाहिली. भारत फिरून समोर येईपर्यंत वाट पाहिली. मग बोट ठेवलं.

"अथी."

ठिपका कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. तरी पुढच्या सतरंजीवरच्या बायका माना पुढं काढून बघायला लागल्या, आणि मागं बाकांवरचे पुरुष उभे राहिले. टाळ्या नंतर झाल्या. त्याआधी केळकर बाईंनी पत्रा हळूच खाली ठेवला, वाजू न देता.

खेळ संपल्यावर आम्ही कापूस गोळा करायला बसलो. काडी-कचरा निवडून, बोटांनी फुगवून, पुन्हा गाठोड्यात. विमलचे बाबा मागं आले. टोपी हातात. त्यांनी आमच्याकडं, बाईंकडंसुद्धा, पाहिलं नाही. ते टेबलाजवळ गेले, त्याच्यापुढं पडलेला पडदा पाहिला, आणि विमलला विचारलं, "तुले मांगंच ठेवलं?"

आवाज हळू होता, पण मी कापूस निवडायची थांबले. तो प्रश्न कशाचा होता ते बाकीच्यांना कळलं की नाही, माहीत नाही. मला कळला. पुढं दोन मुली चंदेरी कपड्यांत, आणि आपली पडद्यामागं, जिथून दिसत नाही तिथं. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं होतं त्यावरून त्यांनी कारण काढलं होतं.

विमल म्हणाली, "ठेवलं नाई बाबा. मीच मांगून घेतलं."

"काहून?"

"तिथं नुसतं बोलाचं होतं. इथं चालवाचं होतं."

भिंतीला टेकवलेली पृथ्वी त्यांनी उचलली. आतलं बेअरिंग ओळखलं असावं, कारण थोडे हसले. बोटानं गोळ्याला एक झोका दिला. तो फिरत राहिला, बराच वेळ, आवाज न करता, आणि ते तो पुरता थांबेपर्यंत बघत उभे होते. मग खाली ठेवून त्यांनी केळकर बाईंना नमस्कार केला आणि विचारलं, "बाई, अमरावतीच्या बोर्डिंगात पानी कोन भरते?"

बाईंना वाटलं पाण्याच्या टंचाईबद्दल विचारताहेत. त्यांनी सांगितलं की नळ आहे, सकाळ-संध्याकाळ पाणी येतं. ते ऐकून घेऊन तसेच उभे राहिले. आणखी उत्तराची वाट बघत. तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर काही तरी झालं, आणि त्या म्हणाल्या की मला माहीत नाही. नुसतं एवढंच. पुण्याच्या बाई 'माहीत नाही' म्हणू शकतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तर हे होतं कारण. महिनोन्‌महिने सायकलच्या चेनला तेल घालून लपवलेलं. विमलनं मला पुढं सांगितलं की लहानपणी त्यांच्या गावात विहिरीपासून लांब, खाली भांडं ठेवून उभं राहावं लागायचं. कुणी तरी येऊन वरून ओतेपर्यंत. कधी कुणी लवकर यायचं, कधी येतच नसे. तो मुलगा मोठा झाला, शहरात आला, फिटर झाला, बौद्ध झाला. पण मुलीला परक्या गावात पाठवायची म्हटल्यावर त्याला पहिल्यांदा ते भांडं आठवलं. तिला कुणी पाण्याजवळ जाऊ देणार नाही, याची एक भीती. आणि दुसरी, की सगळ्यांची भांडी-पाणी तिच्याच गळ्यात पडेल. या दोन्ही भीती एकाच प्रश्नात बसत होत्या. विमल आमच्या घरी यायची तेव्हा आई तिला आमच्याच पेल्यात पाणी द्यायची, हे खरं. तो पेला नंतर माझी आजी राखेनं पुन्हा घासून घ्यायची, हेही खरं. म्हणजे प्रश्न हवेतला नव्हता.

"मंग पाहून येतो," ते बाईंना म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एस.टी.नं अमरावतीला निघालो. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, करड्या रंगाची, आणि बांधांवर दव. बडनेऱ्याला संत्र्यांच्या टोपल्या घेऊन बायका खिडकीशी आल्या. विमलच्या बाबांनी संत्री घेतली, सोलून, शिरा काढून आम्हाला दिली. स्वतः खाल्ली नाहीत. साली खिशात ठेवल्या, गाडी घाण होऊ नये म्हणून. वाटेत ते आम्हाला जिनातल्या गमती सांगत होते आणि आम्ही हसत होतो, पण बोलता बोलता ते मधेच कोटाची बटणं चाचपायचे. विमल खिडकीबाहेर बघत होती. तिनं मला हळूच विचारलं की तुझ्या खोलीतली दुसरी कोण असेल, मी नसले तर. मी म्हटलं, असला विचार मी केलेला नाही. खरंच केला नव्हता.

बोर्डिंग म्हणजे एक लांब, बसकी इमारत, पुढं पडवी, अंगणात पेरूचं झाड. रेक्टर बाई पडवीत सतरंजीवर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. अमरावतीतल्या एका भिक्षुकाच्या, सोवळ्याच्या घरातल्या, लवकर विधवा झालेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई. पांढरं लुगडं पाहून विमलच्या बाबांचा चेहरा बदलला, आवळला गेला. त्यांनी आधी बाकीचे प्रश्न विचारले. फाटक किती वाजता लागतं, दुखलं-खुपलं तर डॉक्टर कोण, अभ्यासाला दिवा किती वेळ. बाई डाळ निवडत नेमकी उत्तरं देत होत्या. मला त्या फार पसंत पडल्या.

मग विमलच्या बाबांनी विचारलं, "पानी भेटन का प्याले?"

"तो काय माठ कोपऱ्यात. वर गडवा पालथा घातला आहे. घ्या न," बाई म्हणाल्या. वर न बघता.

ते जागचे हलले नाहीत. कुणी तरी उठेल आणि वरून ओतेल, अशी शरीरालाच सवय असावी. पडवीच्या टोकाला एक मुलगी वेणी घालत बसली होती, तिचे हात थांबले. रेक्टर बाईंना वाटलं यांना माठ दिसला नाही. त्यांनी सूप तसंच उचलून त्या दिशेला दाखवलं, डाळीचे चार दाणे सांडले, आणि बाई ते वेचायला लागल्या.

विमलचे बाबा माठापाशी गेले. झाकण काढलं. गडवा आत बुडवला. पाण्याचा तो बुडबुड आवाज पडवीभर ऐकू आला. पूर्ण गडवा प्यायले, उभ्यानं, डोळे मिटून. पुन्हा बुडवला, भरला, आणि विमलपुढं धरला. ती म्हणाली तहान नाही.

"नसली तरी पी."

ती प्यायली. वेणी घालणाऱ्या मुलीनं पेड उचलले आणि पुढं विणायला घेतले.

रेक्टर बाईंनी सूप बाजूला ठेवलं, चष्मा सारखा केला आणि विमलकडं पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाल्या, "माठ भरायची इथं पाळी असते. सगळ्या मुलींची. बुधवार रिकामा आहे. हिची लावू का?"

विमलच्या बाबांनी गडवा पालथा घातला, होता तसा. मग म्हणाले, "लावा."

आणि सकाळपासून पहिल्यांदा, कोट चुरगळेल याची पर्वा न करता, ते त्या पडवीच्या पायरीवर खाली बसले.